बाळंतपणाचा कागद आणि सोबतीची माणसं

प्रश्न : मला एकतिसावा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. तब्येत उत्तम आहे, बीपी, साखर, सोनोग्राफी सगळं ठीक. शक्य तर नॉर्मल व्हावं असं वाटतं. माझ्या मोठ्या बहिणीला कळा यायची औषधं दिली, दीड दिवसानं सिझर झालं, आणि ‘मला कुणी काही विचारलंच नाही’ हे ती अजून बोलून दाखवते. मैत्रीण म्हणते, तुला काय हवं-नको ते लिहून प्रसूतिगृहात दे. नवरा म्हणतो, डॉक्टर चिडतील. शिवाय आत यायची त्याला धास्ती वाटते. दोघांचेही आईवडील लांब राहतात आणि प्रकृतीमुळे येऊ शकणार नाहीत. शेजारी, ऑफिसमधली मंडळी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, पण कुणाला काय सांगायचं तेच सुचत नाही. कागद लिहू का? सोबत कुणाला घेऊ? आणि नंतर घरी कसं निभावायचं?

उत्तर : कागद जरूर लिहा. डॉक्टर चिडतील ही भीती सोडून द्या. मोजक्या शब्दांतलं एक पान ड्यूटीवरच्या नर्सला उपयोगीच पडतं. डोकेदुखी होते ती चार पानी मागण्यांची आणि ‘कुठल्याही परिस्थितीत सिझर नको’ अशा वाक्यांची. मात्र एक लक्षात ठेवा, कळा जोरात असतात तेव्हा कागद फाइलमध्ये पडून राहतो. ड्यूटी बदलते, नवी नर्स येते, तिनं तो वाचलेला नसतो. त्या वेळी तुमची इच्छा टिकते ती दोन कारणांनी. एक, तुम्ही निवडलेल्या जागी ती गोष्ट एरवीही होतच असेल तर. दुसरं, तुमच्याजवळचं माणूस ऐन वेळी बोलणार असेल तर. म्हणून आधी जागा पारखा, मग सोबत ठरवा, कागद सगळ्यात शेवटी.

जागेपासून सुरुवात करू. ‘तुमच्याकडे नॉर्मल करतात ना?’ असं विचारलं तर सगळीकडे ‘हो’ ऐकू येतं. त्याऐवजी पुढच्या तपासणीला नेमके प्रश्न न्या. सोबतीचं माणूस कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत आत थांबू शकतं का, रात्रीसुद्धा? ऑपरेशन थिएटरमध्ये येऊ देतात का? कळांमध्ये हिंडता-फिरता येतं, की आडवंच राहावं लागतं? पाणी पिता येतं? बाळाचे ठोके मधूनमधून ऐकतात, की पोटाला मॉनिटरचे पट्टे सतत बांधून ठेवतात? सगळं सुरळीत असलेल्या बाईच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचं २०१८ चं मार्गदर्शन असं आहे की जोराच्या कळांमध्ये दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ठोके ऐकावेत. पट्टे सतत बांधले की उठणं-चालणं बंद होतं, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. पुढे विचारा, बाळाला वाट करून देण्यासाठी खाली छेद देतात तो प्रत्येकीला देतात, की गरज पडली तरच? जन्मानंतरचा पहिला तास बाळ आईच्या अंगावर राहतं, की दुसऱ्या खोलीत नेतात? दिवस भरलेल्या आणि बाळाचं डोकं खाली असलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात साधारण किती जणींचं सिझर होतं?

तितकेच महत्त्वाचे प्रश्न सुरक्षिततेचे आहेत आणि ते विचारायचे राहून जातात. रात्री दोन वाजता तातडीनं सिझर करावं लागलं तर भूलतज्ज्ञ जागेवर असतात, की घरून बोलवावे लागतात? त्याला किती वेळ लागतो? रक्ताची सोय कुठून होते? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर ते तिथेच ठेवतात, की हलवावं लागतं, आणि कुठे? शांत वातावरण आणि गोड बोलणं हवंच, पण या चार उत्तरांवर तडजोड करू नका.

‘बघू, त्या वेळी ठरवू’ असं उत्तर आलं तर ‘बहुतेक वेळा काय होतं?’ असं पुन्हा विचारा. तुमच्या दृष्टीनं अगदी महत्त्वाच्या दोन गोष्टींना तिथे ठाम नकार असेल, तर जागा बदलायचा विचार आताच करा. चौतिसाव्या आठवड्यापर्यंत सगळे रिपोर्ट घेऊन दुसरीकडे नाव नोंदवलं तर नव्या डॉक्टरांच्या हातात दोन-तीन तपासण्या तरी राहतात. अडतिसाव्या आठवड्यात गेलात तर तुमची प्रकृती समजून घ्यायलाच त्यांना वेळ मिळत नाही.

आता सोबतीचं माणूस. बाळंतपणातल्या सगळ्या निवडींमध्ये आम्ही या एका निवडीला सर्वाधिक वजन देऊ. १७ देशांतल्या २६ अभ्यासांतून, पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये जो आढावा निघाला, त्यात हेच दिसलं. कळांमध्ये ज्या बाईजवळ एक माणूस सलग बसून होतं, तिची प्रसूती थोडी लवकर होत होती, नैसर्गिक होण्याची शक्यता वाढत होती, सिझर आणि वेदनाशामक औषधं कमी लागत होती, आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन परतणाऱ्याही कमी होत्या. महत्त्वाचा शब्द ‘सलग’. मधूनमधून डोकावणाऱ्या चार जणांपेक्षा खुर्ची ओढून बसलेलं एक माणूस जास्त कामाचं.

कुणाला निवडायचं? जिच्यासमोर तुम्ही ओरडू शकता, रडू शकता, उलटी करू शकता, अंगावर कपडा आहे की नाही याची फिकीर न करता वावरू शकता अशी व्यक्ती. नातं जवळचं असलंच पाहिजे असं नाही. स्वतःच्या बाळंतपणाची भीती जिच्या मनातून अजून गेलेली नाही, तिला त्या खोलीत नेऊ नका. ती भीती तुमच्याकडे येते. नवऱ्याला धास्ती वाटते यात त्याचं चुकत नाही. बऱ्याचदा ती धास्ती ‘मला काहीच करता येणार नाही’ याची असते, आणि हातात काम दिलं की निम्मी ओसरते. आपण मुख्य सोबत दुसऱ्या कुणाची तरी ठरवू, तू आळीपाळीनं ये, असं त्याला सांगून पाहा. एवढं करून त्याला नकोच असेल तर जबरदस्ती करू नका. बाहेरची धावपळ, औषधं, फोन, कागदपत्रं हेही काम मोठं आहे. ओळखीत कुणीच नसेल तर प्रशिक्षित डूला मिळते का पाहा. डूला तपासणी करत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांच्या ऐवजी निर्णयही घेत नाही. तिचं काम फक्त आईला सोबत आणि आधार देण्याचं. तिला ठरवायच्या आधी दोनदा भेटा, आणि ती आजारी पडली किंवा त्याच वेळी दुसऱ्या बाळंतपणात अडकली तर कोण येईल ते विचारा.

सोबत करणाऱ्याला नेमकी कामं शिकवून ठेवावी लागतात, नाहीतर माणूस चांगलं असूनही फोन बघत बसतं. दर अर्ध्या-पाऊण तासानं स्थिती बदलायला लावायची. उभं राहून भिंतीला टेकणं, गुडघे आणि हातांवर ओणवं होणं, खुर्चीवर उलटं बसून खुर्चीच्या पाठीवर पुढे रेलणं, कुशीवर पडून वरच्या गुडघ्याखाली उशी घेणं. दर दोन तासांनी लघवीला न्यायचं. मूत्राशय भरलेलं असेल तर बाळाचं डोकं खाली सरकायला अडथळा येतो आणि कळांमध्ये ही जाणीवच राहत नाही. प्रत्येक कळेनंतर दोन घोट पाणी. कळ कमरेत येत असेल तर तळहाताच्या मुळानं माकडहाडाच्या वर, कंबर संपते तिथे, कळ संपेपर्यंत एकसारखा दाब द्यायचा. किंवा मागे उभं राहून दोन्ही तळहातांनी कुल्ले बाजूंनी आत आणि किंचित वर दाबायचे. चोळायचं नाही, दाबायचं. किती जोर हवा ते तुम्ही सांगायचं, आणि तो अंदाजापेक्षा बराच जास्त असतो. हे सगळं छत्तिसाव्या आठवड्याच्या आत घरी दोन-तीनदा करून बघा. सोबत करणाऱ्याची वेगळी पिशवीही भरा. त्याचं खाणं, पाणी, बदलायचे कपडे, गरम कपडा, चार्जर. भुकेलं, गारठलेलं माणूस दहा तास आधार देऊ शकत नाही.

पहिलटकरणींच्या बाबतीत सगळ्यात जास्त बिघडतं ते फार लवकर दाखल झाल्यामुळे. सुरुवातीच्या कळा अनियमित असतात, थांबतात, पुन्हा येतात. हा टप्पा काही तास चालतो, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त, आणि त्यात काही चुकत नसतं. गर्भाशयाचं तोंड साधारण ५ सेंटीमीटर उघडल्यावर खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा धरतात, आणि तिथून पुढे पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत वेळ लागणंही सर्वसाधारण आहे. ‘तासाला एक सेंटीमीटर’ हा जुना हिशेब अनेक जणींच्या बाबतीत लागू पडत नाही. दोन सेंटीमीटरला दाखल झालेली बाई खाटेवर घड्याळाकडे बघत राहते, दमते, घाबरते. बाकीच्यांनाही ‘प्रगती नाही’ असं वाटायला लागतं आणि कळा वाढवायची औषधं सुरू होतात. म्हणून घर जवळ असेल आणि गरोदरपणात धोक्याचं काही नसेल, तर कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी साधारण एक मिनिटाची, अशा सलग तासभर येईपर्यंत घरीच थांबायला हरकत नसते. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर मोजायचं. प्रवास लांबचा असेल तर अलीकडे निघा. किती अलीकडे, ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. घरी असताना हलकं खा, गरम पाण्यानं अंघोळ करा, आणि रात्र असेल तर कळांच्या मधल्या वेळात झोपा. पहिल्या कळेपासून येरझाऱ्या घालून थकू नका.

मात्र काही गोष्टींना थांबणं नाही. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी फोन करा. ते हिरवट, तपकिरी किंवा लालसर असेल तर निघाच. लालभडक रक्त जाणं, कळांच्या मध्येही पोट सैल न होता दुखतच राहणं, ताप, जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, उजवीकडे बरगडीखाली दुखणं, सदतीस आठवड्यांआधी नियमित कळा, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी, त्याच तासात दाखवा. ‘दिवस भरत आले की बाळ हलायचं कमी होतं’ असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, प्रमाण घटत नाही.

आता बहिणीच्या गोष्टीकडे येऊ, कारण तुमच्या मनातली मुख्य भीती तिथलीच दिसते. कळा आणायची औषधं दिली म्हणजे सिझर ठरलेलंच, असं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून जास्त निरोगी पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण शंभरात सुमारे १९ होतं, वाट पाहणाऱ्यांमध्ये सुमारे २२. यावरून सगळ्यांनी कळा आणवून घ्याव्यात असा अर्थ निघत नाही. पण बीपी वाढलं, बाळाची वाढ मंदावली किंवा एक्केचाळीस आठवडे उलटले म्हणून डॉक्टरांनी सुचवलं, तर निव्वळ भीतीपोटी नाही म्हणू नका. दिलेल्या तारखेलाच बाळ होणं शंभरात पाचेक जणींच्याच नशिबी असतं, त्यामुळे तारीख उलटली एवढ्यानंच घाबरायचंही कारण नाही.

कळा आणताना बिघडतं ते बहुधा घाईमुळे. गर्भाशयाचं तोंड अजून कडक आणि बंद असेल तर आधी ते मऊ करावं लागतं, गोळीनं, जेलनं किंवा आत फुगवायच्या छोट्या फुग्यानं. मग पाणमोट फोडतात, सलाईनमधून ऑक्सिटोसिन हे कळा आणणारं औषध सुरू करतात. पहिल्या खेपेला या सगळ्याला चोवीस तासांहून जास्त लागणं नेहमीचं आहे. आई आणि बाळ व्यवस्थित असतील तर पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर किमान बारा ते अठरा तास द्यावेत आणि मगच ‘कळा आणून उपयोग झाला नाही’ म्हणावं, असं तज्ज्ञांच्या संघटना सांगतात. दुसरा धोका औषध जास्त लागू पडण्याचा. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर बाळाला उसंत मिळत नाही. तेव्हा औषध कमी किंवा बंद करायचं असतं, आणि म्हणून अशा वेळी मॉनिटर सतत लावणं योग्यच. तुमच्या बहिणीनं त्या वेळची फाइल मागून घेऊन एखाद्या डॉक्टरांसोबत शांतपणे वाचावी असंही आम्ही सुचवू. वर्षं लोटली तरी ‘तेव्हा नेमकं काय झालं’ हे कळल्यानं बरंच ओझं उतरतं.

तिचं खरं दुःख ‘विचारलं नाही’ हे आहे आणि त्यावर तुमच्या हातात उपाय आहे. काहीही नवीन सुचवलं गेलं की सोबतीच्या माणसानं शांत आवाजात विचारायचं, ‘ही तातडीची वेळ आहे, की दहा मिनिटं बोलता येईल?’ तातडी असेल तर बाजूला व्हायचं. नसेल तर, यानं काय फायदा होईल, काय तोटा होऊ शकतो, दुसरं काही करता येईल का, आणि तासभर काहीच न करता थांबलो तर काय होईल? मग ‘आम्हाला पाच मिनिटं द्या’ म्हणून दोघांनी बोलायचं. या प्रश्नांना चांगल्या डॉक्टरांचा आक्षेप नसतो. शेवटी सिझरच झालं तरी ‘मला विचारून झालं’ एवढी जाणीव पुढच्या दिवसांत मोठा आधार देते.

कागदावर काय लिहायचं ते आता सोपं आहे. वर नाव, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी आहे, चालू औषधं, सोबतीच्या व्यक्तीचं नाव. खाली सात-आठ वाक्यं, ‘शक्य असेल तेव्हा’ या शब्दांनी सुरू होणारी. चालायची, बसायची मुभा असावी. आतून तपासणी गरजेपुरतीच आणि सांगून करावी. छेद गरज असेल तरच, आणि आधी सांगून. नाळ किमान एक ते तीन मिनिटांनी कापावी, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढे रक्त कमी होण्याचा धोका घटतो. बाळाला पुसून थेट माझ्या छातीवर ठेवावं, पहिल्या तासात पाजायला द्यावं, पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर. वेदनाशामकाबद्दल एक ओळ. एपिड्युरल, म्हणजे कमरेत सुई देऊन कळांची वेदना बधिर करणारी भूल, हवं, नको, की ‘मी मागितलं तरच सुचवा’. हवं असेल तर बिनदिक्कत लिहा. त्यानं सिझरचं प्रमाण वाढत नाही. बाळ बाहेर यायला थोडा जास्त वेळ लागू शकतो, बीपी उतरू शकतं, आणि शंभरात एखादीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. पण दमून गेलेल्या बाईला दोन तास झोप मिळाली तर पुढचं बाळंतपण सावरतं.

आणि कागदाच्या शेवटी ‘सिझर झालं तर’ असा एक परिच्छेद असलाच पाहिजे. तो न लिहिणं ही सगळ्यात मोठी चूक. सोबतीचं माणूस आत असावं, काय चाललंय ते सांगत राहावं, बाळ ठीक असेल तर टेबलावरच माझ्या छातीवर किंवा गालाशी द्यावं, ते शक्य नसेल तर वडिलांच्या उघड्या छातीवर. ठरवून करायचं असेल आणि वैद्यकीय घाई नसेल तर एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर करावं, कारण त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. हा कागद छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांसमोर वाचा, जे जमणार नाही ते खोडा, आणि दोन प्रती ठेवा.

छेद आणि टाके टाळण्यासाठी स्वतः करण्यासारखंही एक काम आहे. पस्तिसाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एक-दोनदा, पाच ते दहा मिनिटं योनिमार्गाच्या खालच्या कडेला मालीश. नखं कापलेली, हात धुतलेले, साधं बिनवासाचं तेल. अंगठा दोन-तीन सेंटीमीटर आत ठेवून खाली आणि दोन्ही बाजूंना, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतपत दाबायचं. पहिलटकरणींना याचा उपयोग होतो. जंतुसंसर्ग असेल, पाणी गेलं असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा वार खाली असेल तर करू नका.

आता घरी आल्यानंतरचं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारी माणसं मनापासून म्हणतात. अडतं ते इथे की बाळंतिणीनं प्रत्येक वेळी विचार करायचा, फोन करायचा आणि वर संकोच करायचा. हे काम तुमच्याकडे नकोच. एक व्यक्ती निवडा, व्यवस्थित, थोडी ठाम, तुमच्या घरात न राहणारी. सगळी सूत्रं तिच्या हातात द्या. मदत करू इच्छिणाऱ्यांनी तिच्याशी बोलायचं, तुमच्याशी नाही. बत्तिसाव्या-तेहेतिसाव्या आठवड्यात तुम्ही दोघं आणि ती, तिघं बसून घरातल्या कामांची यादी करा. जेवण, भांडी, कपडे धुणं आणि घड्या घालणं, केर-लादी, बाजारहाट, औषधं आणणं, कचरा बाहेर ठेवणं, तपासणीला ने-आण, दुपारी दोन तास बाळाकडे बघणं म्हणजे आई झोपेल. मग त्या व्यक्तीनं प्रत्येकाला नेमकं काम आणि नेमका दिवस विचारायचा. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत दोघांचं जेवण दाराशी ठेवाल का? डबे परत करायची सोय नसलेले चालतील. तिखट बेताचं. आत यायची गरज नाही.’ अशा निरोपाला लोक पटकन हो म्हणतात, कारण काय करायचं आणि कधी संपणार ते त्यांना कळतं.

या आखणीत हमखास दोन चुका होतात. पहिली, सगळी मदत पहिल्या आठवड्यात येऊन पडते आणि तिसऱ्या आठवड्यात, नवरा कामावर परतल्यावर, घर रिकामं होतं. म्हणून वेळापत्रक सहा ते आठ आठवड्यांचं करा आणि सगळ्यात भरवशाची माणसं तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यासाठी राखून ठेवा. दुसरी चूक, मदतीला आलेली व्यक्ती बाळ मांडीवर घेऊन बसते आणि आई तिची सरबराई करत उभी राहते. उलट व्हायला हवं, बाळ आईजवळ आणि पाहुण्याच्या हाती काम. सूत्रं सांभाळणाऱ्या व्यक्तीनं हे आधीच सांगावं. भेट अर्ध्या तासाची, आल्या आल्या हात धुवायचे, बाळाच्या तोंडाचा मुका घ्यायचा नाही, सर्दी-खोकला, ताप किंवा ओठावर फोड असेल तर यायचंच नाही. तुमच्या तोंडून हे कठोर वाटेल, तिच्या तोंडून नियम वाटतो. बाळाचं डांग्या खोकल्यापासून रक्षण व्हावं म्हणून गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान लस देतात. तुम्ही त्याच काळात आहात, पुढच्या तपासणीला विचारा.

पाजण्याची मदत मात्र अशा यादीवर भागत नाही, तिथे जाणकार लागतं. पान्हा बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो. तोवर थोडासा चीक पुरतो. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नये आणि दोन आठवड्यांत भरून यावं. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा शू व्हायला हवी, हा घरच्या घरी कळणारा सगळ्यात चांगला हिशेब. स्तनाग्राला चिरा पडणं, दर वेळी जीव जाईल इतकं दुखणं हे सोसायचं नसतं. बाळानं तोंडात कमी भाग घेतलाय याची ती खूण आहे, आणि पकड बदलली की बहुधा एक-दोन दिवसांत फरक पडतो. स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या नर्सचा किंवा सल्लागाराचा नंबर आताच मिळवून ठेवा.

एक कागद भिंतीवर लावा, ज्यावर फक्त धोक्याच्या खुणा आणि फोन नंबर असतील. बाळंतिणीसाठी : तासाभरात पॅड पूर्ण भिजणं किंवा अंड्याहून मोठ्या गुठळ्या, ३८ सेल्सियसच्या वर ताप, घाण वासाचा स्राव, टाक्यांतून पू, एका पोटरीत दुखणं आणि सूज, धाप किंवा छातीत दुखणं, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी. बीपीचा त्रास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो, आधी बीपी ठीक असलं तरी. बाळासाठी : ३८ किंवा त्याहून जास्त ताप, अंग गार पडणं, पिणं सोडणं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, झटके, पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा. मदतीला येणाऱ्या प्रत्येकानं हा कागद एकदा वाचावा, कारण रात्रभर जागलेल्या आईवडिलांच्या नजरेतून खूण निसटू शकते.

मनाचंही याच वेळापत्रकात धरा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कारण नसताना रडू येणं, चिडचिड, हे बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. दोन आठवडे उलटूनही उदासी राहिली, बाळ झोपलं असतानाही झोप लागेना, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं किंवा सतत भीतीच वाटू लागली, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. साधारण दहातल्या एकीला, कधी त्याहून जास्त जणींना ते होतं, औषध-समुपदेशनानं बरं होतं, आणि पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. वडिलांनाही असं नैराश्य येतं. तुमच्या नवऱ्याला ‘तू कसा आहेस?’ असं विचारणारा एक मित्र ठरवून ठेवा. क्वचित, हजारात एक-दोन जणींना, पहिल्या दोन आठवड्यांत वेगळंच काही होतं. झोपेची गरजच न वाटणं, असंबद्ध बोलणं, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, भलतेच संशय. ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, आई आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, बोलून दाखवले, तर ते ‘थकल्यामुळे बोलते’ म्हणून सोडून द्यायचं नाही. हे तुम्हाला त्या दिवसांत स्वतःला जाणवेलच असं नाही, म्हणून सूत्रं सांभाळणाऱ्या व्यक्तीला आणि नवऱ्याला, दोघांनाही, आज बसून सांगा आणि अशा वेळी कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा तो नंबर त्यांच्या फोनमध्ये भरून द्या.